मनात शिवलेला जिना

४ मार्च, मंगळवार

पायवाली म्हणाली, रोज लिहा. काय लिहू, तर म्हणे डोळे मिटल्यावर काय दिसलं ते. डोळे मिटल्यावर अंधार दिसला. लिहिला. झालं.

पायवाली म्हणजे माझ्या पायाची कसरत घ्यायला येते ती मुलगी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. तिनं नाव सांगितलं होतं, पण माझ्या लक्षात पायच राहिला.

वही नातीची आहे. गणिताची, चौकटी-चौकटींची. पहिली दहा पानं भागाकारात गेलीत, निम्मे चुकलेत. माझी चार यत्ता शाळा झाली, अक्षर एका चौकटीत मावत नाही. मावायची गरजही नाही.

५ मार्च, बुधवार

काल लिहिलेलं नात वाचून खो खो हसली. म्हणाली, "आजी, वाचणाऱ्याला काही कळायला नको का?" म्हटलं, वाचणारी तू नाहीस. तरी लिहून ठेवते, उद्या मलाच आठवलं नाही तर.

जिन्यात पडले. खुबा मोडला, डावं मनगट मोडलं. खुब्यात डॉक्टरांनी लोखंडाचा गोळा बसवला, मनगटाचं प्लास्टर निघालं पण मूठ अजून वळत नाही. चिमट्यानं धरल्यासारखं बोटांनी धरते. दीड महिना झाला, मुलाच्या घरी पडून आहे. तळमजला. बाहेरच्या खोलीत पडद्यामागे माझी खाट. मी शिंकले की पडद्यापलीकडून तीन माणसं विचारतात, काय झालं.

माझी स्वतःची खोली दोन गल्ल्या सोडून आहे. तिसरा मजला, चौपन्न पायऱ्या. तिथे माझं मशीन आहे, कापायचं टेबल आहे, चार वाजेपर्यंत टिकणारा उजेड आहे. सव्वीस वर्षं तिथे एकटी राहिले, लोकांच्या पँटी आखूड केल्या, कोणाला विचारून रेडिओ लावला नाही.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सगळ्या गावाला वरखाली नेतो आणि आईच्या इमारतीला लिफ्टच नाही. आज जेवताना म्हणाला, "आई, मालक विचारतोय. तू परत येणार की खोली सोडणार? एप्रिल संपेपर्यंत सांगायचंय."

"येणार."

"कशी? उडून?"

"चढून."

"एकटीनं चढून दाखव. कोणी हात लावणार नाही. जमलं तर खोली ठेवू, नाही तर सोडू. कबूल?"

कबूल म्हटलं. सून खाली मान घालून वाढत होती. ती कधीच काही बोलत नाही. दातांच्या कवळ्या करतात तिथे कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून स्वतःचं तोंड उघडायचा कंटाळा येत असेल.

७ मार्च, शुक्रवार

पायवालीनं आज डोळे मिटायला लावून मऊ आवाजात सांगितलं, "आजी, एक सुंदर समुद्रकिनारा आहे. तुम्ही हलक्या झाल्या आहात. तुम्ही पळताय."

"कोणापासून?"

"कोणापासून नाही, आनंदानं."

मी पाहिलं बरं का. किनारा दिसला. कुत्रं दिसलं. मी दिसले नाही. सत्तराव्या वर्षी कारण नसताना पळणारी बाई मला तरी ओळखता यायची नाही.

पायवाली हसली नाही, हे तिचं मला आवडलं. म्हणाली, जे बघितलं असतं ते शरीराला सोपं जातं. रोज बघा, पाय ऐकेल. म्हटलं, बाई गं, माझ्या पोरानं माझं कधी ऐकलं नाही, पाय कशाला ऐकतोय.

८ मार्च, शनिवार

नातीला मी खारूताई म्हणते, सगळ्या पेन्सिली कुरतडते म्हणून. तिनं आज मासिकातलं चित्र कापून माझ्या खाटेसमोर चिकटवलं. पांढऱ्या केसांची बाई, पायात बूट, पळतेय आणि हसतेय.

"हे बघत राहा आजी, म्हणजे तू अशी होशील."

"हे दात बघ. तुझ्या आईच्या कारखान्यातले आहेत."

आतून सुनेचा आवाज आला, "आमच्याकडचे नाहीत, आई. आमच्याकडे इतके पांढरे कोणी मागत नाही."

महिन्यातलं पहिलं वाक्य.

११ मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट आठवली.

मी सोळा वर्षांची असताना शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात लागले. तिथला कापणारा मास्तर म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पहिले पंधरा दिवस त्यानं मला कात्रीला हात लावू दिला नाही. कापड पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, आधी मनात शिव. खांदा जोड. मग बाही. मग कॉलर. बटणाला भोक पाड, बटण लाव. कुठे अडलीस ते सांग. मी म्हणायची, झाला शर्ट. तो म्हणायचा, खोटं, बाहीचा गोल कुठे बसवलास? आणि खरंच बसवलेला नसायचा.

पुढे पन्नास वर्षं मी तसंच केलं. मनात पूर्ण शिवल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. म्हणजे पायवाली जे सांगतेय ते मला येतं. फक्त तिनं शिवलेला शर्ट दाखवला, आणि मी शर्ट बघून शर्ट शिकलेली बाई नाही. मला टाके दाखवा.

किनाऱ्यावर कशाला पळू? मला जिना शिवायचाय.

१४ मार्च, शुक्रवार

पायवालीला सांगितलं. ती इतकी खूश झाली की पायाला बांधायची रबरी पट्टी हातातून सुटून माझ्या कपाळावर बसली. म्हणाली, "आजी, हेच! मोठं चित्र नको, एकेक पायरी बघा. हात कुठे, पाय कुठे, वजन कुठे."

मी सांगितलं: चढताना लाकडी कठडा उजव्या हाताला. डाव्या हाताला भिंत. उजवा हात कठड्यावर, उजवा पाय वर, मग गोळ्याचा पाय त्याच्या शेजारी. चौपन्नदा.

"आणि उतरताना?"

"उतरायला काय अक्कल लागते? हातातलं सोडलं की सगळं आपोआप खाली येतं."

ती काही तरी बोलणार होती, मी चहा मागवला.

तिनं आणलेल्या लाकडी खोक्यावर चढउतार केली. चढले आपली आपण. उतरताना तिचा खांदा होताच.

१८ मार्च, मंगळवार

दुपारी जेवण झालं की डोळे मिटते. घरात कोणी नसतं.

पहिल्या मजल्यापर्यंत अठरा पायऱ्या, नवावर वळण. तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटका, तिथे मधोमध पाय ठेवायचा. अकराव्या पायरीशी कठड्याला खिळा वर आलाय, हात उचलून पुढे न्यायचा. जिन्याखाली चावीवाल्याची टपरी, त्यामुळे पहिल्या दहा पायऱ्यांना कानस घासल्याचा मोठा आवाज, वर गेलं की बारीक. हे सगळं माझ्याकडे जसंच्या तसं आहे. पायवाली म्हणते लोकांना आठवावं लागतं. मला विसरावं लागेल.

आज तीस झाल्या. एकतिसावी दिसत नाही. कापडाला भोक पडावं तशी ती जागा रिकामी. तीसवर उभी राहिले, परत खाली आले नाही, वरही गेले नाही. डोळे उघडले. घाम आला होता.

१९ मार्च, बुधवार

एकतीस नाही.

२० मार्च, गुरुवार

नाही.

२३ मार्च, रविवार

सून सकाळी बाहेर गेली ती दोन तासांनी आली. केसांत पांढरी धूळ. रविवारी कारखाना बंद असतो. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "जरा काम होतं." मुलगा पेपरमागे लपला.

दुपारी माझ्या पायाशी येऊन बसली. गोळा बसवल्यापासून मला वाकायची बंदी, पायाची नखं मला दिसतात पण ती मला परकी झालीत. तिनं न विचारता पाय मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. मग छोट्या कानशीनं कडा गोल केल्या.

"कोणाचे दात घासायची कानस ही?"

"नवी आणलीय, आई."

डावखुरी आहे, सगळं उलट्या हातानं करते. तिच्या कामाच्या एप्रनला खिसा उजवीकडे आहे. डावा हात पोटावरून आडवा नेऊन हत्यार काढते, म्हणून तो खिसा दर महिन्याला उसवतो आणि ती दर महिन्याला तो वाकडा शिवते. वर्षानुवर्षं बघतेय. शिवणाऱ्या बाईच्या घरात असा खिसा! पण तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

नखं चांगली कापली. लिहून ठेवते.

२६ मार्च, बुधवार

आज नवलच. सुनेनं माझा टेप घेतला आणि म्हणाली, "आई, जरा उभ्या राहता? माप घ्यायचंय."

"कशाचं?"

"गाऊनचं."

मी पन्नास वर्षं मापं घेतली. गाऊनला छाती लागते, खांदा लागतो, उंची लागते. हिनं मला सरळ उभं केलं, हात मोकळा सोडायला सांगितला आणि जमिनीपासून उजव्या मनगटापर्यंत माप घेतलं. दोनदा. मग म्हणाली, "थोडं कोपरात वाकवा हात. हां, असाच." परत घेतलं, आणि हातावर पेननं आकडा लिहिला.

जमिनीपासून मनगटापर्यंतचा कुठलाही कपडा जगात नाही. मी म्हटलं, "मढ्याच्या पेटीचं माप घेत असशील तर डोक्यापासून घ्यावं लागेल."

"आई!" म्हणाली आणि आत गेली.

३० मार्च, रविवार

परत गेली. परत धूळ. आज बोटाला पट्टीही आहे.

खारूताईला विचारलं. ती म्हणाली, "आई ना, चावीवाल्या काकांकडे गेली होती." आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

चावीवाला! माझ्या जिन्याखालचा! आता कळलं. माझ्या खोलीची दुसरी चावी करून घेतली. जुनं सामान बाहेर काढलं की धूळ उडते. मशीन विकलं असेल. टेबल हलवताना बोट चेमटलं असेल. मुलगा पैज लावतो आणि बायको खोली रिकामी करते, दोघांचं संगनमत.

आज चहाला नको म्हटलं. नंतर घेतला, थंड झाल्यावर. चूक केली. गरम असताना घ्यायला हवा होता.

३ एप्रिल, गुरुवार

पायवाली म्हणते जिथे चित्र अडतं तिथे काय आहे ते लिहा, कोणाला दाखवू नका. खारूताईला वहीला हात लावलास तर तुझ्या सगळ्या पेन्सिली लोखंडाच्या करीन म्हणून सांगितलंय.

तर. मी चढताना पडले नाही. सगळे समजतात चढताना पडले, मीही तसंच म्हणते. मी उतरत होते. सकाळची वेळ. आखूड केलेल्या सात पँटींचं गाठोडं दोन्ही हातांत, कठडा धरला नव्हता. एकतिसाव्या पायरीवर पाय टाकला आणि पायरी नव्हती. होती, पण मला लागली नाही. सत्ताविसाच्या वळणावर जाऊन पडले. चपला वरच राहिल्या.

दोन तास तिथे होते. ओरडायची लाज वाटली. खालून कानशीचा आवाज येत होता, म्हणजे माणूस होता, हाक मारली असती तर आला असता. मी पँटी मोजत होते. सहाच सापडत होत्या.

सातवी सापडली का ते अजून माहीत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

बाहीचा गोल सरळ मशीनवर घालून बसत नाही. बाही मोठी असते, भोक लहान. आधी हातानं कच्चा टाका घालायचा, थोडं थोडं जमवत, घाई न करता, मग मशीन.

आज सबंध जिना नाहीच केला. फक्त तीस आणि एकतीस. कच्चा टाका. हात पुढे. पाय उचल. टेकव. परत मागे. परत. वीस वेळा केलं असेल. अठराव्या वेळी पायरी दिसली. दगडाची आहे, कडेला हिरवट डाग. इतकी साधी. चिडून तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिले.

मग पुढचं मशीनवर घातल्यासारखं गेलं. बत्तीस, तेहतीस, सरळ चौपन्न. दार. चावी.

पण एक सांगायचं राहिलं. एकतिसावर उभी होते तेव्हा मागे एक पायरी खाली कोणी तरी होतं. चपलांचा आवाज ओळखीचा, घरात रोज ऐकते तो. माझ्या चित्रात सुनेला कोणी बोलावलं? हाकलली. गेली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

पायवालीला विचारलं, चित्रात नको असलेलं माणूस येतं त्याला काय करायचं. ती म्हणाली, "त्या माणसाशिवाय बघून बघा." बघितलं. एकतीस परत गायब.

आता येऊ देते. बोलत नाही तिच्याशी. तीही बोलत नाही. तेवढं अगदी खऱ्यासारखं आहे.

खोक्यावर आज वीसदा चढले. पायवाली म्हणाली, आता माझा खांदा न धरता उतरा. म्हटलं, पुढच्या वेळी.

२० एप्रिल, रविवार

आज मी बोलले. बोलायला नको होतं.

सून धूळ घेऊन आली, वर हातावर करडा रंग. जेवताना मी म्हटलं, "माझं मशीन कितीला गेलं?"

मुलगा म्हणाला, "काय?"

"मला वेड्यात काढू नका. दर रविवारी ही माझी खोली उपसतेय. सत्तावीसला मी चढणार, तेवढे सात दिवस थांबवेना? मी चढेनच असं वाटायला लागलं म्हणून घाई केली का?"

मुलगा उठायला लागला. सुनेनं नुसता हात वर केला, तो बसला. मग ती म्हणाली, "सत्तावीसला बघा, आई." आणि माझ्या ताटात भाजी वाढली. मी मागितली नव्हती. मला हवी होती.

दुपारी डोळे मिटले तर जिना दिसेना. नुसता तिचा हात, ताटावर, करडा रंग लागलेला.

२५ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस सगळा जिना एकदाही न अडता शिवला. पायवाली म्हणाली, तुमची तयारी झाली. जाताना दारात थांबून परत म्हणाली, "आजी, उतरायचं बघितलंत ना?"

हो म्हटलं.

२७ एप्रिल, रविवार

सगळं लिहिते, क्रमानं.

सकाळी दहाला निघालो. दोन गल्ल्या मी काठीनं चालले. इमारतीपाशी पोचलो तर चावीवाला टपरी सोडून बाहेर उभा, धुतलेला शर्ट, छाती पुढे.

"या, वरच्या बाई! ओळख आहे का जिन्याची?"

"तुमच्यापेक्षा जिना बरा दिसतोय. म्हातारे झालात."

"तुम्ही नव्हतात, कोणाशी भांडणार? गंज चढला."

मग मला दिसलं. डावीकडच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत लोखंडी नळीचा दांडा. नवा. करडा रंग दिलेला, कोपऱ्यात अजून वास येत होता. दर हातभर अंतरावर भिंतीत खिळवलेला. भोकांभोवती चुन्याची पांढरी धूळ.

करडा रंग. धूळ. मी सुनेकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

चावीवाला म्हणाला, "भोकं सूनबाईंनी पाडली बरं का. मी नुसती नळी वाकवली. कवळी बसवावी तशी बसवलीय, एक केसाची फट नाही. मालकाची परवानगीसुद्धा त्यांनीच काढली."

मला शरम वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या वेळी राग आला. म्हटलं, "मी पांगळी आहे का? माझा जिना मी पाठ केलाय, त्यात हा दांडा नव्हता. मला नको."

काठी मुलाला दिली. उजवा हात जुन्या कठड्यावर ठेवला आणि निघाले. खारूताई मोठ्यानं मोजायला लागली. तिसरीला मधोमध पाय. अकराव्याला खिळ्यावरून हात उचलला. अठराला दम खाल्ला. मुलगा मागून म्हणाला, "बस जरा, आई." म्हटलं, "लिफ्ट मध्येच थांबली तर तुला बोलावीन."

तीस. थांबले. मागे एक पायरी खाली चपलांचा आवाज थांबला. वळून बघायची गरज नव्हती. एकतीस. दगड, हिरवट डाग, जसंच्या तसं. चढले.

चौपन्नला खारूताई किंचाळली.

चावी माझ्या कमरेला होती. दार उघडलं. मशीन होतं. तेल घातलेलं, चादर झाकलेलं. खिडकीची काच पुसलेली. टेबलावर सात पँटींचं गाठोडं, सातही. वर कागद, "दिल्या होत्या. परत आल्यात, अजून एक बोट आखूड हव्यात, तुमच्याकडूनच." अक्षर डाव्या बाजूला झुकलेलं.

खुर्चीत बसले. मुलगा म्हणाला, "जिंकलीस बाई. उद्या मालकाला सांगतो." नाक ओढत म्हणाला. लहानपणापासून तसाच आहे.

अर्ध्या तासानं म्हणाला, "चला, घरी जेवू."

मी जिन्याच्या तोंडाशी आले आणि खाली बघितलं.

काहीच नव्हतं. चौपन्न पायऱ्या मनात शिवल्या होत्या, महिनाभर, एकेक टाका. त्या सगळ्या चढायच्या. उतरायची एकही नाही. सुलट बाजू इतकी घोटली आणि कापड उलटून बघितलंच नाही. पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा अशी चूक करत नाही. आणि उतरताना कठडा डाव्या हाताला येतो. माझी डावी मूठ वळत नाही. बोटं त्याच्यावर ठेवली, ती पाहुण्यासारखी नुसती टेकून राहिली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. मी आज इथेच राहते. तुम्ही जा."

"अगं पण..."

"जा म्हटलं ना!"

सुनेनं मुलाला आणि खारूताईला खाली पाठवलं. मग ती दोन पायऱ्या उतरली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवरच्या दांड्यावर दोन बोटांनी टकटक केलं.

"उजवा हात, आई."

हात नुसता बाजूला सोडला. उचलावा लागला नाही, वाकावं लागलं नाही. तळवा थेट दांड्यावर आला आणि मूठ आपोआप मिटली. जमिनीपासून मनगटापर्यंत, कोपरात थोडा वाकवून. पन्नास वर्षांत माझ्यासाठी कोणी इतकं बरोबर माप घेतलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"पडलात त्या दिवशी सामान गोळा करायला मी आले होते ना. चपला वरच्या पायरीवर होत्या आणि गाठोडं खाली. तेव्हाच कळलं की उतरत होतात."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही बोलला नाहीत." मग म्हणाली, "आमच्याकडे सगळं उलटंच बघावं लागतं, आई. आधी तोंडाचा ठसा घेतात. त्यात दात असतात तिथे खड्डे दिसतात. सवय लागते."

मी म्हटलं, "म्हणजे मला इकडे परत पाठवायची एवढी घाई, की भिंती फोडल्यास."

मी चेष्टेनं म्हटलं होतं. निम्मं.

ती म्हणाली, "वर तुम्ही कशाही गेला असतात. तुम्हाला कोण अडवणार? मला तुम्ही खाली यायला हव्या होतात."

मग उतरलो. आजारी पाय आधी, मग चांगला. ती उलटी उतरत होती, तोंड माझ्याकडे. एकतिसावर मी थांबले, तीही थांबली, घाई केली नाही. खालून खारूताईचा आवाज, "आजी, उलटे आकडे म्हणू की सुलटे?" म्हटलं, "तुला जे बरोबर येतात ते म्हण." तिनं चौदा गाळला.

मी रडले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण खारूताई वेगळं सांगत फिरतेय.

२९ एप्रिल, मंगळवार

ठरलं असं. खोली राहील. सकाळी वर जायचं, चारला उजेड गेला की खाली यायचं. झोपायला पडद्यामागे. मुलानं विचारलं, मग पैज कोण जिंकलं? म्हटलं, तुझी बायको.

पायवालीनं विचारलं, "आज डोळे मिटल्यावर काय दिसलं?"

म्हटलं, "खाली."

खोक्यावरून दहादा उतरले, तिचा खांदा न धरता.

९ मे, शुक्रवार

दहा दिवस लिहिलं नाही. काम होतं. सात पँटी एक बोट आखूड केल्या. मग जाड, करडं, डाग न दिसणारं कापड आणलं. दोन दिवस त्याला कात्री लावली नाही. मनात शिवलं. गळ्याचा पट्टा, कमरेचे बंद, खिसा. मग उलटून परत शिवलं. माप घ्यायला तिला उभी केली नाही, बावीस वर्षं समोर वावरतेय.

आज सकाळी ती कामाला निघाली तेव्हा दारात हातात दिलं. "हे घे. तो जुना फेकून दे, बघवत नाही."

तिनं घातला. मागे बंद बांधले. पिशवीतून छोटी कानस काढली आणि बोलता बोलता, खाली न बघता, डावा हात खिशात घातला.

थेट गेला.